भीतीचा शून्य

ऋतुजा बिरनाळेची रेषा सपाट आली तेव्हा मी आधी यंत्राला शिव्या घातल्या, मग ते बनवणाऱ्या पुण्याच्या पोरांना, आणि शेवटी मनातल्या मनात ऋतुजालासुद्धा. पडद्यावर डावीकडून उजवीकडे एक हिरवी रेघ गेली होती. तीन महिन्यांची रेघ! कुठं उंचवटा नाही, कुठं टोक नाही. इस्त्री फिरवल्यासारखी.

"हसीना, इकडं ये गं," मी हाक मारली. "ही बघ. ही बाई तीन महिने सौरभ बिरनाळेच्या घरात राहिली आणि एकदाही घाबरली नाही म्हणे!"

हसीना मुल्ला आमच्या केंद्रातली दुसरी समुपदेशक. तिनं चष्मा सारखा केला, पडदा बघितला आणि काही न बोलता परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. हिचं हे असंच. मला तोंडाचा पट्टा सोडल्याशिवाय विचार करता येत नाही आणि तिला तोंड उघडल्यावर विचार करता येत नाही.

आमचं केंद्र इचलकरंजीत, बाजाराच्या मागच्या बोळात. घरात मार खाणाऱ्या, छळ सोसणाऱ्या बायका इथं येतात. पूर्वी आमच्याकडं काय असायचं? बाईचं म्हणणं, नवऱ्याचं म्हणणं आणि शेजाऱ्यांचं 'आम्हाला काय माहीत बाई'. वळ असले तर डॉक्टर लिहून द्यायचा. नुसती भीती असली तर तिला पुरावा कुठला आणायचा? बाई कोर्टात सांगायची, मला भीती वाटते. समोरचा वकील विचारायचा, कशावरून? संपलं.

म्हणून यंत्रं आली. पहिलं यंत्र आवाज ऐकायचं. घरात कोण किती मोठ्यानं बोलतंय, कुणाचा स्वर कापतोय, त्यावरून धोका ओळखायचं. शांत बंगल्यात बसून बनवलेलं ते. इचलकरंजीत आणलं आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं अख्खं गाव धोक्यात असल्याचं जाहीर केलं. आता आमच्याकडं घराच्या या भिंतीला यंत्रमाग, त्या भिंतीला यंत्रमाग. इथं बाई नवऱ्याला 'चहा घ्या' म्हणते तेसुद्धा ओरडून. पोलिसांची गाडी एका दिवसात तीनदा एकाच गल्लीत आली आणि तिन्ही वेळा लोक जेवत होते.

मग आलं कंकण. दिसायला काचेच्या हिरव्या बांगडीसारखं, चुड्यात मिसळलं की ओळखू येत नाही. ते ऐकत नाही, बघत नाही, बाई कुठं आहे तेही साठवत नाही, कारण ती माहिती नको त्याच्या हाती लागली तर? ते फक्त मनगट वाचतं. माणूस घाबरला की रक्त हातापायांतून आत ओढलं जातं, बोटं गार पडतात, तळव्यांना घाम सुटतो, नाडीची लय बदलते. काम करून दमला, जिना चढला, तापानं फणफणला, तरी नाडी पळते. पण या तीन गोष्टी एकदम, त्या ठरावीक क्रमानं, फक्त भीतीतच होतात. कंकण तेवढं टिपतं आणि त्या वेळी जवळ कुणाचा फोन होता तेवढी नोंद ठेवतं. त्यातून निघते ती भयरेषा. दोन वर्षांपूर्वी कोर्टानं तिला जोडपुरावा म्हणून मान्यता दिली. त्या दिवशी मी अख्ख्या बोळाला पेढे वाटले होते.

आता माझ्याच यंत्रानं माझंच तोंड बंद केलं होतं.

ऋतुजाचं प्रकरण असं. नवऱ्यानं खांदा निखळवला, ती माहेरी आली, कोर्टानं संरक्षणाचा आदेश दिला. मग सौरभ हात जोडून आला. चुकलो, सुधारलो, लेकीसाठी तरी घर मोडू नका. कोर्टानं म्हटलं, ठीक आहे, तीन महिने एकत्र राहून बघा, बाईच्या हातात कंकण राहील. मुदत संपली की रेषा बघू. रेषेत भीती दिसली तर आदेश कायम आणि पाच वर्षांची इरा आईकडे. नाही दिसली तर आदेश उठला. मग ऋतुजाला वेगळं राहायचं असेल तर खुशाल राहावं, पण पोरगी बापाच्या घरी. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात तारीख होती. मुदत संपल्यामुळं ऋतुजा इराला घेऊन माहेरी आली होती आणि आमच्या हातात ही इस्त्री केलेली रेघ होती.

मी तिला बोलावून घेतलं.

ती नेहमीसारखी खुर्चीच्या कडेला बसली. सत्तावीस वर्षांची पोरगी, शिवणकामात हुशार, पण बसायची अशी, की ही खुर्ची दुसऱ्या कुणाची तरी आहे.

"ऋतुजा, मला एक सांग. या तीन महिन्यांत त्यानं हात उगारला?"

"नाही ताई."

"शिव्या?"

"नाही."

"मग काय केलं?"

ती पदर बोटाला गुंडाळत राहिली. "रोज संध्याकाळी समोर बसवायचे. आज काय काय केलंस, पहिल्यापासून सांग म्हणायचे. मी सांगायची. मग मधलंच काहीतरी परत विचारायचे. इकडंतिकडं झालं की नुसते हसायचे. मग जेवायचे."

"आणि तुला भीती वाटायची?"

"वाटायची की हो."

"मग ही रेघ अशी का?" मी पडदा तिच्याकडं फिरवला. "बघ! एक टोक नाही. कोर्टात काय सांगू मी? बाई म्हणते भ्याले आणि तिचं मनगट म्हणतं मज्जेत होते?"

"मला नाही माहीत ताई."

"नाही माहीत म्हणून कसं चालेल? पोरगी जाईल तुझी! नीट आठव. खरं सांग. काही लपवतेस का? कंकण काढून ठेवायचीस का?"

"नाही हो."

"मग?"

ती मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "नसेल वाटत मग. कदाचित सवय झाली असेल. तुम्ही म्हणाल तसं करू ताई. परत जा म्हणालात तर जाते."

माझं डोकंच सटकलं. इतके महिने मी हिच्यासाठी उन्हातान्हात कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आणि ही म्हणते, तुम्ही म्हणाल तसं! मी बरंच काही बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. ती 'हो ताई, हो ताई' म्हणत राहिली आणि गेली.

ती गेल्यावर मी पुण्याला निनाद कारखानीसला फोन लावला. कंकणाचं गणित बसवणाऱ्या मंडळींतला हा एक. बोलतो सावकाश, लहान मुलाला समजावल्यासारखं, त्यामुळं मला त्याचा आणखीनच राग येतो.

"मॅडम, प्रत्येक शरीराचा शून्य वेगळा असतो," तो म्हणाला. "कुणाची नाडी मुळातच जलद, कुणाचे हात मुळातच गार. म्हणून कंकण घातल्यावर पहिले पंधरा दिवस ते काहीच ठरवत नाही. नुसतं शिकतं. ही बाई साधी असते तेव्हा कशी असते? तो तिचा शून्य. नंतर त्याच्या वर जे जाईल ती भीती."

"हे मला पाठ आहे रे."

"शून्य सुरक्षित जागी घेतला होता ना?"

"माहेरी. सासरी जायच्या आधी. मी स्वतः तिच्या हातात कंकण दिलं आणि लगेच घाल म्हणून बजावलं."

"ते पंधरा दिवस मला दिसत नाहीत. बाईची ती खासगी बाब म्हणून आम्ही त्याला कुलूप घातलंय. पण तुम्ही म्हणता तसं असेल, तर रेषा बरोबर आहे."

"म्हणजे ती घाबरली नाही?"

"शरीर तरी तसं म्हणतंय."

फोन ठेवला आणि मी कपाळाला हात लावून बसले. बाईवर विश्वास ठेवायचा हे या नोकरीतलं पहिलं वाक्य. मग यंत्र आलं आणि आम्ही जगाला सांगितलं, बाईवर नसेल ठेवायचा तर हिच्या मनगटावर ठेवा. आता दोघांचं पटेना. मी कुणाच्या बाजूनं बोलू? खरं सांगायचं तर मला काहीच कळेनासं झालं होतं.

त्यात दुसऱ्या दिवशी सौरभ स्वतः केंद्रात आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हातात तिळाच्या वड्यांचा डबा. असा गोड बोलतो, की शेजारच्या टेबलावरच्या बाईलाही आपण सुरक्षित आहोत असं वाटावं.

"ताई, आईनं केल्यात, घ्या. तुमचा माझ्यावर राग आहे, ठाऊक आहे मला. पण आता यंत्रच सांगतंय ना? मी माणूस म्हणून बदललोय. इरा आठवण काढते हो माझी."

मी वडी घेतली नाही. पण खरं सांगू? तो गेल्यावर वाटलं, असेलही बदलला. माणसं बदलतात की. सगळेच पुरुष जन्माचे राक्षस असतात असं मी कधी म्हटलं नाही. कदाचित ऋतुजाला आता माहेरीच राहायचं असेल आणि भीती हे नुसतं निमित्त असेल. हा विचार मनात आला आणि माझी मलाच शिसारी आली. पण तो आला, आणि गेला नाही.

संक्रांतीच्या दिवशी ऋतुजाची आई सुगड, हळदीकुंकू घेऊन केंद्रात आली. आमच्या सगळ्यांना कुंकू लावलं, ओंजळीत तिळगूळ दिला आणि तिथंच बाकावर बसून डोळे पुसायला लागली.

"ताई, ते काकण माझ्या लेकीला लाभलं न्हाई बघा. मी तवाच म्हटलं हुतं. पितरांच्या दिसांत दिलंसा तुम्ही."

"अहो मावशी, यंत्राला पितर काय आणि दिवाळी काय?"

"तुमास्नी नसंल. आमी पितरपाखात नवी बांगडी भरत न्हाई. काय नवं आणत न्हाई, घालत न्हाई. मी ते डब्यात ठिवलं, तांदळात. म्हटलं, घटस्थापना हुंदे. मग ती सासरी गेली आन् सासूनं कासाराला बोलवून बाकीच्या बांगड्यासंगट भरलं. चांगला चुडा भरला हो, त्यात काय वंगाळ न्हाई केलं तिनं."

मी हातातला तिळगूळ टेबलावर ठेवला.

"मावशी, परत सांगा. कंकण तिनं पहिल्यांदा कुठं घातलं?"

"सासरी. घटाच्या दिवशी."

"माहेरी पंधरा दिवस घातलंच नाही?"

"कसं घालंल? पितरपाख हुता न्हवं!"

हसीना आपल्या टेबलावरून उठून आली. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. यंत्र पहिले पंधरा दिवस शिकतं, बाई साधी असते तेव्हा कशी असते. आणि ते शिकलं सौरभ बिरनाळेच्या घरात. गार बोटं, घामेजलेले तळवे, अडकलेली नाडी. यंत्राला वाटलं, ही बाई अशीच आहे. तिची भीतीच त्यानं तिचा शून्य म्हणून लिहून घेतली. मग पुढं मुदत संपेपर्यंत ती तितकीच भीत राहिली आणि यंत्र म्हणत राहिलं, काही नाही, सगळं नेहमीसारखं आहे.

"पण ती बाजारात जायची, देवळात जायची," मी म्हणाले. "तिथं तरी रेघ खाली यायला हवी होती."

"शून्याच्या खालचं यंत्र दाखवतच नाही," हसीना म्हणाली. "भीती शून्याहून कमी कशी असेल, असं बनवणाऱ्यांना वाटलं असेल."

मी तिथल्या तिथं ऋतुजाला फोन लावला. "अगं, तू कंकण माहेरी घातलंच नव्हतंस! मला सांगायचं नाही का? दर गुरुवारी येत होतीस की इथं!"

ती मग म्हणाली, "तुम्ही लगेच घाल म्हणाला होतात. आई नको म्हणाली. मग तुम्ही रागवाल म्हणून नाही सांगितलं."

तेव्हा मला त्या वाक्याचं काहीच वाटलं नाही. मी आनंदात होते. रागवेन म्हणून सांगितलं नाही, वेडी कुठली!

निनादला कळवलं. पहिल्यांदाच तो भराभर बोलला. कच्ची नोंद सगळी कंकणात शाबूत आहे, म्हणाला. नुसता शून्य नवा घ्यायचा. सुरक्षित जागी, चार-पाच दिवस शांत झोप झाली तरी पुरे. मग सगळी रेषा पुन्हा आखता येईल. आणि हो, शून्याखालचं दाखवायची सोयही ते करणार होते. मी म्हटलं, करा बाबांनो, बायकांना कुठं हायसं वाटतं ते तिथंच दिसेल.

ऋतुजा माहेरी झोपली, पोरीबरोबर पतंग उडवले, भोगीची उरलेली भाजी खाल्ली. मी मुद्दाम तिकडं फिरकले नाही. तारखेच्या आदल्या दुपारी निनादनं नवी रेषा पाठवली.

काय सांगू! रेघ कसली, डोंगरच. रोज संध्याकाळी एक सुळका, आणि प्रत्येक सुळक्याखाली एकच नाव: सौरभ. नुसतं विचारणं, नुसतं हसणं, आणि हिचं रक्त आत ओढलं जात होतं. दिवाळीच्या चार दिवसांत तर रेघ खाली उतरलीच नव्हती. मी टेबलावर हात आपटला. "आता बोला म्हणावं सौरभच्या उपाध्ये वकिलांना! हसीना, बघ गं! जिंकलो आपण!"

हसीना माझ्या खांद्यावरून बघत होती. तिनं एका ठिकाणी बोट ठेवलं. "पद्माताई, हे काय आहे?"

दुपारचे उंचवटे होते. सौरभच्या सुळक्यांपेक्षा बुटके, पण घाट अगदी तोच. आधी रेघ छान खाली जायची, शून्याला टेकायची. ती घरातून निघून रिक्षानं बाजारातून येत असणार. मग एकदम वर. तासभर वर. मग परत खाली. दर आठवड्याला एकदा, न चुकता.

मी खालचं नाव वाचलं. पद्मजा चौगुले, केंद्र.

"चूक आहे," मी म्हणाले.

हसीनानं बोट तसंच ठेवलं.

"अगं, इथं बसून ती त्याच्याबद्दल बोलायची, म्हणून रेघ वर जात असेल. साधी गोष्ट आहे."

"असेल," हसीना म्हणाली. "पण मध्यंतरी तुम्ही आजारी होतात तेव्हा दोन गुरुवार ती माझ्याकडं बसली होती. त्याच्याबद्दलच बोलली."

मी ते दोन गुरुवार शोधले. तिथं रेघ खालीच होती.

माझ्या पायाखालची जमीन सरकली असं म्हणतात ना, तसं काही झालं नाही. उलट मी खुर्चीत घट्ट रुतले. मला संताप आला, पण कुणावर ते कळेना. मी तिला मारलं नाही, कोंडलं नाही, उपाशी ठेवलं नाही. मी तिच्यासाठी धावले. आणि तिच्या शरीरानं माझं नाव त्याच्या नावाखाली लिहून ठेवलं? नुसता आवाज मोठा म्हणून? की मीही तिला समोर बसवून 'पहिल्यापासून सांग' म्हणत होते म्हणून? आता हे वाईट की हे कामच तसं? मला खरंच कळत नव्हतं, आणि अजूनही नीट कळत नाही.

आता पेच असा. समुपदेशकाला रेषेतला भाग बाद करण्याचा अधिकार असतो. बाईला ताप होता, दवाखान्यात होती, असं कारण देऊन. गुरुवारचे उंचवटे मी बाद केले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. आणि नाही केले, तर उपाध्ये वकील कोर्टात काय म्हणणार ते मी डोळे मिटून सांगू शकत होते: बघा, ही बाई समुपदेशकालाही भिते. तिच्याच धाकानं ती नवऱ्याविरुद्ध बोलते आहे. इराचं काय होणार मग? माझ्या मोठ्या तोंडापायी पोरगी जाणार.

माझं बोट 'बाद करा' वर होतं. हसीना म्हणाली, "तिला विचारा."

"उद्या तारीख आहे. तिला काय कळतं यातलं?"

बोलून गेले आणि मीच दचकले.

फोन केल्यावर ऋतुजा त्याच दुपारी आली, इराला आईकडं ठेवून. मी या वेळी टेबलामागं बसले नाही. बाकावर तिच्या शेजारी बसले आणि पडदा दाखवला. सौरभचे सुळके दाखवले, तेव्हा ती नुसतं बघत राहिली. मग मी गुरुवार दाखवले. माझा आवाज शक्य तितका खाली आणला होता, तरी तो मलाच परका वाटत होता.

"हे मी आहे," मी म्हणाले. "खरं आहे का?"

ती लगेच 'नाही ताई' म्हणायला लागली, मग थांबली. मनगटावरची बांगडी गोल फिरवत राहिली.

"तुम्ही ओरडता तेव्हा मी आधी 'हो' म्हणून टाकते," ती म्हणाली. "घरी गेल्यावर विचार करते, मी कशाला हो म्हटलं. तुम्ही चांगल्या आहात ताई. पण तुमच्यासमोर मला माझं काही सुचत नाही."

 मी पडद्याकडं बोट केलं. "हे काढून टाकता येतं. ठेवलं तर समोरचा वकील त्याचा वापर करेल. इराचा प्रश्न आहे. मला वाटतं काढावं..." आणि मी तिथंच थांबले. "तू सांग."

ती बराच वेळ गप्प बसली. इतका वेळ, की एरवी मी दहा वेळा मधे बोलले असते. ओठ चावून बसून राहिले.

"ठेवा," ती म्हणाली. "एकदा काढलं की ते म्हणतील, बाकीचंही तुम्हीच केलंय. आणि मी खरं सांगते म्हटल्यावर सगळंच खरं सांगायला हवं ना."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"मग सांगीन. भिते म्हणून. दोघांना भिते, पण परत जायचं नाही ते फक्त त्यांच्या घरात."

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं नाही. ज्याचं नाव रेषेत आहे त्यानं सुनावणीच्या वेळी बाहेर थांबायचं, असा नियम. त्यामुळं कोर्टाच्या जिन्यात एका बाकावर मी, आणि पलीकडच्या बाकावर सौरभ बिरनाळे, अशी आमची जोडी बसली. त्यानं माझ्याकडं बघून मान डोलवली. ओळखीच्या माणसाला डोलवावी तशी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोलायला तोंडच उरलं नव्हतं.

आत काय चाललंय ते दाराबाहेर ऐकू येत नव्हतं. एकदा उपाध्यांचा चढा आवाज आला, माझं नाव आलं, आणि मग शांतता. ऋतुजाचा आवाज मला ऐकूच येणार नव्हता, तो तेवढा मोठा कधी नव्हताच. ती काय सांगत असेल? नीट सांगत असेल का? मी असते तर आठवण करून दिली असती, दिवाळीचं सांग, खांद्याचं सांग. मी उठले, परत बसले.

दार उघडलं. आधी आमच्या वकीलबाई बाहेर आल्या. "आदेश कायम," त्या म्हणाल्या. "इरा आईकडं. न्यायाधीशबाईंनी तुमच्याबद्दल खोदून खोदून विचारलं हो. तिनं सगळं सांगितलं, अगदी शांतपणे. बाई म्हणाल्या, जी आपल्या बाजूच्या माणसाबद्दलही हे सांगते, तिचं बाकीचं खोटं कसं म्हणायचं?"

मी ओरडणारच होते. तोंडावर हात दाबून धरला. सौरभ उठला, फोन कानाला लावला आणि जिना उतरून गेला.

ऋतुजा माझ्याजवळ आली. डोळे रडून लाल झाले होते, पण पदर बोटाला गुंडाळलेला नव्हता.

"ताई, एक विचारू?"

"विचार की गं, विचार."

"पुढच्या गुरुवारपासून मी हसीनाताईंकडं बसले तर चालेल?"

"का?" माझा आवाज निघाला तो नेहमीचाच. जिन्यातल्या दोन-चार माणसांनी वळून बघितलं.

ऋतुजा मागं सरली नाही. माझ्याकडंच बघत म्हणाली, "ते मला सांगायचं नाही."

'हो ताई' नाही, 'तुम्ही म्हणाल तसं' नाही. इतक्या दिवसांत या पोरीनं मला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं.

"बरं," मी म्हणाले. "चालेल."

ती खाली गेली. खाली तिची आई उभी होती, इरा तिच्या हाताला लोंबकळत होती आणि भूक लागली म्हणून भुणभुण करत होती. मी जिन्यातच उभी राहिले. मला इतका अपमान वाटत होता आणि त्याच वेळी इतकं बरं वाटत होतं, की खाली जाऊन रिक्षा धरायची की परत बाकावर बसायचं, तेच मला सुचेना.